अवयव प्रत्यारोपणानंतर औषधांना न जुमानणारा टीबी झाला तर: खान्देशातल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं

किडनी बसवली मुंबईला, नाशिकला, पुण्याला नाहीतर सुरतेला. ताप आला अमळनेरला. पहिल्या गोळ्या तालुक्याच्या डॉक्टरांनी दिल्या आणि टीबीची नोंद जिल्ह्याला झाली. चार ठिकाणी चार कागद, आणि यातल्या एकाही डॉक्टरांसमोर चारही कागद एकत्र आलेले नसतात. मी जळगावात रुग्णांना औषधं समजावून देण्याचं काम करतो. प्लास्टिकच्या पिशवीतले हे कागद टेबलावर पसरले की बहुतेक वेळा दिसतं ते असं: औषधं बरोबर लिहिलेली असतात, पण ती सुरू करण्याचा, बंद करण्याचा आणि तपासण्यांचा क्रम उलटा झालेला असतो. त्याची किंमत बसवलेल्या किडनीला मोजावी लागते.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम आहे. इथलं वाचून कोणतीही गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. उदाहरणं किडनीची आहेत, कारण असे रुग्ण सर्वाधिक असतात. लिव्हर घेतलेल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: आधी नमुना, मग गोळी

प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा टीबी पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असल्यामुळे खोकला नसू शकतो आणि एक्स-रेसुद्धा स्वच्छ येऊ शकतो. दोन-तीन आठवडे रेंगाळणारा ताप, उतरत चाललेलं वजन, मानेतली गाठ, छातीत किंवा पोटात पाणी, यापैकी एवढंच काही असतं. फुफ्फुसाबाहेरचा आणि अंगभर पसरलेला टीबी या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो.

मांटू टेस्ट किंवा रक्तातली इग्रा टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं धरू नका. या चाचण्या शरीराच्या प्रतिकाराची प्रतिक्रिया मोजतात, आणि तीच इथे दाबलेली असते. टीबी कोणत्या औषधाला जुमानत नाही हे तर त्या मुळीच सांगत नाहीत. त्यासाठी जंतू असलेला नमुनाच लागतो.

नमुना देताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

१. थुंकी तपासायची असेल तर दोन नमुने द्या, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्या घेतलेला. तोंडातली लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका हवा.

२. खोकला नसेल तर ‘थुंकी येत नाही’ एवढ्यावर थांबू नका. दुर्बिणीने फुफ्फुसातलं पाणी घेता येतं, गाठीत सुई घालता येते, छातीतलं पाणी काढता येतं.

३. गाठीचा किंवा अवयवाचा तुकडा काढणार असतील तर ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी डॉक्टरांना विचारा: ‘अर्धा तुकडा सलाइनमध्ये ठेवणार ना?’ सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली टीबी दिसतो, पण कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही आणि कोणतं औषध चालेल हे कळायचा मार्ग बंद होतो. माणसाला पुन्हा चिरावं लागतं. ही चूक एका वाक्याने टळते.

४. तापासाठी लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ‘आठवडाभर घेऊन बघू’ म्हणून सुरू झालं असेल तर ते नमुन्याच्या फॉर्मवर लिहा. ही औषधं टीबीला अर्धवट दाबतात. रिपोर्ट फसवा येऊ शकतो, आणि पुढे ज्या औषधावर भिस्त ठेवायची त्यालाच जंतू सरावतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ताप असेल तर गावातल्या दवाखान्यात हे आधीच सांगा.

इशारा: रुग्ण अत्यवस्थ असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतील, आणि ते योग्यच आहे. तरीसुद्धा पहिल्या गोळीआधी नमुना निघालाच पाहिजे.

## टप्पा २: रिपोर्ट नीट वाचून घ्या

‘रेझिस्टंट’ (औषधाला न जुमानणारा) हा शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. कशाला रेझिस्टंट, हे मात्र कोणी विचारत नाही. उपचार आणि बसवलेल्या अवयवाचं भवितव्य दोन्ही त्यावरच अवलंबून आहे.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट या तपासण्या टीबी आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जुमानतो का, एवढंच नेहमी सांगतात. त्यानंतर एलपीए ही तपासणी आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटाबद्दल सांगते. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. ते ‘उशिरा येतं, सोडून द्या’ म्हणून सोडू नका. लिनेझोलिड आणि बेडाक्विलिन ही रेझिस्टंट टीबीची औषधं चालतील का, हे तिथूनच कळतं.

फक्त आयसोनियाझिडला रेझिस्टंट: हा एमडीआर नाही. यात रिफॅम्पिसिन चालू राहतं आणि त्याच्या सोबतीला लिव्होफ्लॉक्सासिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड असतं. म्हणजे रिफॅम्पिसिनची टॅक्रोलिमसशी, अवयव नाकारला जाऊ नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाशी, होणारी झटापटही (पुढच्या टप्प्यात सांगितलेली) चालू राहते.

रिफॅम्पिसिनला रेझिस्टंट, किंवा रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना: दोन्हींना असेल तर त्याला एमडीआर म्हणतात. इथे रिफॅम्पिसिन पूर्ण बंद होतं आणि वेगळी औषधं येतात.

त्यावर लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिनचा गटही निकामी: हा प्री-एक्सडीआर. त्यात बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिडपैकी एखादंही चालत नसेल तर एक्सडीआर.

‘इनडिटरमिनेट’ असं लिहून आलं असेल तर त्याचा अर्थ ‘रेझिस्टन्स नाही’ असा होत नाही. जंतू इतके कमी होते की ठरवता आलं नाही, एवढाच अर्थ. नवा नमुना द्यावा लागतो.

तपासा: या टप्प्याअखेर तुम्हाला तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर दाखवता आली पाहिजेत. रिफॅम्पिसिन चालतं का? मॉक्सिफ्लॉक्सासिनचा गट चालतो का? कल्चरला नमुना गेला का, आणि कोणत्या तारखेला?

## टप्पा ३: रिफॅम्पिसिन बंद होण्याचा दिवस

सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बहुतेकांना आधी साध्या टीबीच्या गोळ्या सुरू होतात, म्हणजे त्यात रिफॅम्पिसिन असतं. रिफॅम्पिसिन लिव्हरमधल्या आणि आतड्यातल्या, औषधं मोडून टाकणाऱ्या यंत्रणेला जोरात कामाला लावतं. त्यामुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस यांची रक्तातली पातळी धाडकन खाली येते. मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचीही कमी होते. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून प्रत्यारोपणाचे डॉक्टर टॅक्रोलिमसचा डोस वाढवत नेतात. तो दोन ते पाच पटींपर्यंतही वाढवावा लागतो. काही केंद्रं त्याऐवजी रिफाब्युटिन देतात, त्याचा हा परिणाम सौम्य असतो.

आता कल्चरचा किंवा एलपीएचा रिपोर्ट येतो: रिफॅम्पिसिन रेझिस्टंट. जिल्ह्यातले टीबीचे डॉक्टर योग्य तेच करतात, रिफॅम्पिसिन बंद करून नवी औषधं सुरू करतात. पण टॅक्रोलिमसचा वाढवलेला डोस तसाच राहतो, कारण तो लिहिणारे डॉक्टर चारशे किलोमीटरवर असतात आणि त्यांना कोणी फोन केलेला नसतो. रिफॅम्पिसिनने जागी केलेली यंत्रणा साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होते. मग तोच डोस रक्तात साचत जातो. हात थरथरतात, डोकं दुखतं, साखर वाढते, पोटॅशियम वाढतं, किडनी दमल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन चढतं. घरी सगळे म्हणतात, ‘टीबीच्या जड औषधांनी किडनी खाल्ली.’ आणि काही जण त्या भीतीने टीबीची औषधं सोडतात. खरा दोष असतो न कमी केलेल्या टॅक्रोलिमसचा.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. रिफॅम्पिसिन बंद करायचं ठरलं की त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.

२. टॅक्रोलिमस कोणत्या तारखेला किती कमी करायचं, हे लिहून घ्या. तोंडी ऐकून चालणार नाही, मेसेजवर तरी घ्याच. प्रेडनिसोलोन वाढवलं असेल तर तेही विचारा.

३. पुढचे दोन-तीन आठवडे टॅक्रोची पातळी आणि क्रिएटिनिन किती दिवसांनी करायचं ते ठरवून घ्या. या काळात महिन्यातून एकदाची तपासणी पुरत नाही.

४. रिफॅम्पिसिनचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते टीबीच्या डॉक्टरांना सांगा. रिफॅम्पिसिन बेडाक्विलिनची मात्राही निम्म्यावर आणतं. त्याचा अंमल किती उरला असेल हे त्यांनाही माहीत हवं.

### टॅक्रोची पातळी चुकीची मोजली तर सगळंच चुकतं

सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी. रात्री ८ ला घेतली तर सकाळी ८ च्या सुमारास. गोळी डबीत घालून लॅबमध्ये न्या आणि रक्त दिलं की लगेच घ्या. सवयीने सकाळी उठून गोळी घेतली आणि मग रक्त दिलं, की पातळी खोटी उंच दिसते, डोस कमी होतो आणि अवयव धोक्यात येतो.

लॅबवाल्याला सांगा की ही तपासणी पूर्ण रक्तावर होते, नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब हा नमुना मोठ्या शहरात पाठवतात, तेव्हा रिपोर्ट कधी येणार ते आधीच विचारा. शनिवारी दिलेलं रक्त रविवारी पडून राहू शकतं. दर वेळी एकच लॅब ठेवा, कारण मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. फॉर्मवर शेवटच्या गोळीची वेळ लिहा.

गोळीची कंपनीही बदलू नका. दुकानात ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणाले तर आधी डॉक्टरांना विचारा. बदलावीच लागली तर पातळी पुन्हा तपासा.

## टप्पा ४: नवी औषधं सुरू होण्याआधीची तपासणी

नंतर काही बिघडलं तर ते आधीपासून होतं की औषधाने झालं, हे याच आकड्यांवरून ठरतं. म्हणून पहिल्या गोळीआधी हे झालेलं असावं:

- ईसीजी, आणि त्यावर क्यूटी (ठोक्यातलं एक अंतर, ते लांबलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात) मोजून लिहिलेला
- पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम
- हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट
- क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, साखर
- टॅक्रोलिमसची पातळी
- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी
- डोळ्यांची तपासणी, रंग ओळखण्यासह
- पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, याची नोंद
- वजन
- मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांची गर्भधारणा चाचणी

यातलं मॅग्नेशियम हमखास राहून जातं. टॅक्रोलिमस मॅग्नेशियम कमी करतं. वर्षानुवर्षं चाललेल्या ॲसिडिटीच्या गोळ्याही करतात. आणि मॅग्नेशियम कमी असताना बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन ही औषधं हृदयाचे ठोके बिघडवण्याचा धोका वाढतो. टॅक्रोलिमस स्वतःही त्यात थोडी भर घालतं.

### एक पान

एका कोऱ्या पानावर हे उतरवा आणि दोन्ही डॉक्टरांना तेच पान दाखवा: प्रत्यारोपणाची तारीख आणि अवयव, रोजची सगळी औषधं मिलिग्रॅमसह, आधीचे टीबीचे उपचार कोणते आणि किती दिवस, रिफॅम्पिसिन कधी सुरू आणि कधी बंद, शेवटचं क्रिएटिनिन आणि टॅक्रो, औषधांची ॲलर्जी, दोन्ही डॉक्टरांचे फोन. खाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘एका बाजूचं औषध बदलल्यास दुसऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.’ डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा या पानाची जागा घेत नाही. ओपीडीत डॉक्टरांना मिळणाऱ्या वेळात गठ्ठा वाचून होत नाही.

## टप्पा ५: नोंदणी आणि औषधांची निवड

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा क्षयरोग केंद्र आहे. खासगीत निदान झालं असलं तरी तिथे जाऊन निक्षय या सरकारी टीबी नोंदणीतला आयडी घ्या. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची औषधं, बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड धरून, सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात, त्यासाठी खात्याचा तपशील पहिल्याच दिवशी द्या. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६.

नवापूर-नंदुरबारकडचे पुष्कळ रुग्ण सुरतेला दाखवतात. निदान गुजरातेत झालं आणि औषधं महाराष्ट्रात घ्यायची असतील तर निक्षयवर बदली करून घ्या. दोन ठिकाणी नवीन नोंदणी केली की गोंधळ वाढतो आणि जुने कल्चर रिपोर्ट दिसेनासे होतात.

औषधांचे संच मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला बीपाल-एम: बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, साधारण २६ आठवडे. भारतात त्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. दुसरा १८ ते २० महिन्यांचा, पूर्ण तोंडी घ्यायच्या औषधांचा संच. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये नव्या संचाचा अनुभव अजून थोडा आहे. त्यामुळे शेजारच्याला सहा महिन्यांत बरं वाटलं म्हणून आपल्यालाही तेच द्या, असा आग्रह धरू नका. टीबी कुठे आहे, रक्तपेशी किती आहेत, ईसीजी कसा आहे, लिव्हर कसं आहे हे बघून तज्ज्ञ ठरवतात. लिव्हर घेतलेल्यांना प्रीटोमॅनिड आणि पायराझिनामाइडच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. त्यांच्यात लिव्हरचे आकडे वाढले तर ते औषधामुळे की अवयव नाकारला जातोय, हे ठरवायला कधी बायोप्सीही लागते.

अमिकासिनच्या इंजेक्शनचं नाव कोणी काढलं तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका. ते किडनीला आणि कानाला इजा करतं, आणि टॅक्रोलिमसही किडनीवर ताण टाकतच असतं.

## टप्पा ६: दिवसाचं वेळापत्रक

खाली बीपाल-एम घेणाऱ्याचा एक नमुना आहे. वेळा तुमच्या डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या.

सकाळी ७: टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट.
सकाळी ९, पोटभर नाश्ता करून: टीबीची औषधं. बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड जेवणासोबतच घ्यायची. उपाशीपोटी बेडाक्विलिन नीट शोषलं जात नाही. चहा-बिस्किटं म्हणजे नाश्ता नव्हे. भाकरी-भाजी, अंडं, काहीतरी भरीव खा.
दुपारी ३: लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक.
संध्याकाळी ७: टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट.

दुपारची ओळ वेगळी ठेवण्याला कारण आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध पोटात मॉक्सिफ्लॉक्सासिनला बांधून ठेवतं आणि ते रक्तात पोचतच नाही. टीबीची गोळी रोज गिळली जाते, पण तिचा उपयोग होत नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सर्रास दिलेलं असतं, आणि सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकण्याची सवयही. मॉक्सिफ्लॉक्सासिननंतर चार तास तरी जाऊ द्या.

बेडाक्विलिनचा डोस मध्येच बदलतो: पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, त्यानंतर आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा. तिसऱ्या आठवड्यातही रोज घेत राहणं किंवा पहिल्याच आठवड्यात दिवसाआड करणं, दोन्ही चुका होतात.

तपासा: गोळी घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे टॅक्रोलिमस आणि टीबीची औषधं या दोन्हींसाठी आधीच विचारून ठेवा. आणि उलटीसाठी स्वतःहून ऑनडॅन्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन घेऊ नका, दोन्ही क्यूटी वाढवतात.

## टप्पा ७: देखरेख

पहिले दोन महिने सर्वात नाजूक. ईसीजी दोन आठवड्यांनी आणि मग दरमहा, क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर तातडीने डॉक्टर. रक्तपेशी सुरुवातीला दर आठवडा-पंधरवड्याला, मग महिन्याला. लिव्हरचे आकडे, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि टॅक्रो यांचं अंतर डॉक्टर ठरवतील, पण ते कॅलेंडरवर तुम्ही लिहा. कल्चर दरमहा. बरं वाटणं हा कल्चर निगेटिव्ह आल्याचा पुरावा नाही.

रक्तपेशींवर जास्त लक्ष ठेवायचं कारण लिनेझोलिड. ते अस्थिमज्जा दाबतं, आणि मायकोफेनोलेट, ॲझाथायोप्रिन, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, कोट्रायमॉक्साझोल हीही दाबतात. इतकी औषधं एकाच ठिकाणी मारा करत असताना हिमोग्लोबिन घसरलं तर कोणतं कमी करायचं, हा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा निर्णय आहे.

लिनेझोलिडने डोळ्यांची नसही बिघडू शकते, आणि सुरुवातीला माणसाला ते कळत नाही. दर रविवारी सकाळी हे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर, चष्मा असेल तर लावून उभे राहा. डावा डोळा तळहाताने झाका आणि तारखेखालची बारीक तिथी वाचा. मग उजवा झाका आणि वाचा. सुट्टीच्या लाल आकड्याचा रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का बघा. एका डोळ्याला तो फिकट किंवा विटकरी वाटला, अक्षरं धूसर झाली, तर त्याच आठवड्यात नाही, दुसऱ्याच दिवशी दाखवा. वेळेवर औषध थांबलं तर नजर बहुधा सुधारते. पायांत जळजळ किंवा चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, हेही तितकंच महत्त्वाचं.

मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनने टाचेमागची शीर दुखावू शकते, तुटूही शकते. स्टेरॉइड घेणाऱ्यांना आणि प्रत्यारोपण झालेल्यांना हा धोका जास्त. टाच दुखू लागली तर मालिश करू नका, पायावर भार देणं थांबवा आणि फोन करा. साखर खाली-वर होणं हाही याच औषधांचा गुण. प्रत्यारोपणानंतर मधुमेह झालेल्यांनी ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.

### आपल्या भागातल्या दोन गोष्टी

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. घाम आणि जुलाबाने शरीर सुकलं की क्रिएटिनिन चढतं. त्यात जुलाबात टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं, पातळी वाढते. दोन दिवस जुलाब झाले तर टॅक्रो आणि क्रिएटिनिन तपासाच. उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून घ्या. गोळ्या पत्र्याच्या घरात, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. माठाशेजारची कोरडी, सावलीतली जागा बरी.

दुसरी केळी. आजारी माणसाला ताकदीसाठी केळी खाऊ घालणं आपल्याकडे ओघानेच येतं. टॅक्रोलिमस आणि कोट्रायमॉक्साझोल दोन्ही पोटॅशियम वाढवतात, आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर. उलट पोटॅशियम कमी असेल तर तेही हृदयाला वाईट. म्हणून ताजा रिपोर्ट बघून किती केळी चालतील ते विचारा. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र पूर्ण बंद, त्यांनी टॅक्रोलिमस वाढतं.

### ‘आते बरं वाटस, मंग गोया कसाले?’

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ताप जातो, वजन वाढतं, आणि घरोघरी हा प्रश्न येतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलेली लेक औषधं सासरी विसरून येते. शेतीची कामं निघाली की शहरातली फेरी पुढे ढकलली जाते. त्या वेळी उरलेले जंतू मोजकेच असतात, पण चिवट असतात. मध्येच सोडलं तर ते आत्ता चालणाऱ्या औषधांनाही सरावतील, आणि मग देण्यासारखं फार थोडं उरतं. प्रवासाला निघताना चार दिवसांच्या जादा गोळ्या हातातल्या पिशवीत घ्या, सामानात नको.

## टप्पा ८: या गोष्टी विचारल्याशिवाय नाही

- डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, गोळी असो की इंजेक्शन. किडनीला घातक.
- क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल. टॅक्रोलिमस वाढतं, क्यूटीही वाढतो. ॲझिथ्रोमायसिनही क्यूटीसाठी विचारूनच.
- लिनेझोलिड चालू असताना ट्रामाडॉल, नैराश्याच्या गोळ्या, आणि दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेलं सिरप लिनेझोलिडसोबत धोक्याचं. नैराश्याची गोळी आधीपासून चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.
- ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे, गुळवेल. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या शरीरात ती वाढवायची नाही, आणि गुळवेलाने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत.

लगेच दवाखाना: लघवी कमी होणं, पायांवर सूज, बसवलेल्या किडनीच्या जागी दुखणं, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, डोळे पिवळे होणं, गडद लघवी, नाका-हिरड्यांतून रक्त, नजर धूसर होणं. लिव्हरचे आकडे लक्षणांसह तिप्पट किंवा लक्षणांशिवाय पाचपट झाले तर औषधं थांबवण्याचा विचार डॉक्टर करतात. तुम्ही स्वतः थांबवू नका, फोन करा.

उपचार सुरू असताना गाठी पुन्हा फुगल्या किंवा ताप परतला तर औषध हरलं असंच नसतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केल्यावर शरीर जंतूंवर जोराने तुटून पडतं, तेव्हाही असं होतं. त्यात आणि खऱ्या अपयशात फरक करायला नवा नमुना लागतो.

## टप्पा ९: घर आणि ओपीडी

खोली हवेशीर ठेवा, मास्क लावा, एकत्र राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करा. लहान मुलं आणि वयस्कर आधी. ज्यांना टीबी नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं का, हे क्षयरोग केंद्र ठरवतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये एमडीआर रुग्णाच्या घरच्यांसाठी सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन सुचवलं आहे.

यात एका व्यक्तीला हमखास विसरतात: किडनी देणारी आई किंवा बायको. रुग्णाची सेवा तीच करते, त्याच खोलीत झोपते, आणि तिच्याकडे एकच किडनी आहे. तिचा ताप अंगावर काढू देऊ नका. तिचीही तपासणी आधीच करा, आणि ‘हिने किडनी दिली आहे’ हे डॉक्टरांना सांगा म्हणजे औषधाचा डोस त्या हिशोबाने ठरेल.

प्रत्यारोपणाच्या ओपीडीत जाण्याआधी फोन करून सांगा की एमडीआर टीबीचे उपचार सुरू आहेत. तिथे बाकावर बसलेल्या प्रत्येकाची प्रतिकारशक्ती तुमच्यासारखीच दाबलेली असते. वेगळी वेळ किंवा वेगळी खोली मागून घ्या.

## टप्पा १०: औषधं संपल्यावर

शेवटच्या गोळीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना तारीख कळवा. आयसोनियाझिड-रेझिस्टंट टीबीत रिफॅम्पिसिन शेवटपर्यंत चाललेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातला सगळा क्रम इथे पुन्हा करावा लागतो: डोस कमी करण्याचा लेखी बेत आणि दोन-तीन आठवडे जवळून तपासण्या. इतरांनीही टॅक्रोची पातळी एकदा बघून घ्यावी.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन वर्षं तपासणी. टीबी उलटलाच तर बहुधा याच काळात उलटतो. नवा ताप आला तर गावातल्या गोळीआधी नमुना, पहिल्या टप्प्यासारखाच.

बेडाक्विलिन बंद केल्यावरही शरीरातून हळूहळू, कित्येक महिन्यांनी जातं. म्हणून पुढचं अर्धं वर्ष ते एक पान जवळच ठेवा, त्यावर बेडाक्विलिनच्या शेवटच्या डोसची तारीख लिहा, आणि दातांच्या डॉक्टरांपासून सर्जनपर्यंत जो कोणी नवीन औषध लिहील त्याला ते आधी दाखवा.